बिल्डर म्हणतो महारेराच घटनाबाह्य आहे. माझ्या ऑर्डरचं काय होणार?

ठाणेकर_मुग्धा
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज मात्र मदत हवी आहे. थोडं लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

२०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यात आम्ही नवव्या मजल्यावरचा टू बीएचके बुक केला. करारात ताब्याची तारीख डिसेंबर २०१७. एकूण ३१ लाख भरले, त्यातले १९ कर्जाचे. इमारत सहाव्या स्लॅबला थांबली ती थांबलीच. सासरे दर दिवाळीत साईटवर जायचे आणि खालून वर मोकळ्या आकाशात बोट दाखवून सासूबाईंना सांगायचे, "तिथे तुझं स्वयंपाकघर." २०२१ मध्ये ते गेले.

आम्ही महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, तक्रार केली. एकाच सदस्यापुढे सुनावणी झाली आणि पैसे व्याजासकट परत करण्याचा आदेश झाला. घरात किती वर्षांनी आनंद झाला म्हणून सांगू! आता बिल्डर अपिलात गेलाय. त्याचा चाळीस पानी मेमो काल आला. त्यात तीन गोष्टी ठळक छापल्या आहेत. एक, आमचा करार २०१४ चा आणि रेरा, म्हणजे ज्यातून हे प्राधिकरण आलं तो कायदा, नंतरचा, म्हणून तो लागूच होत नाही. दोन, एकट्या सदस्याला आदेश द्यायचा अधिकार नाही. तीन, न्यायाधीश नसलेल्या अधिकाऱ्यांच्या प्राधिकरणाने न्यायदान करणं हेच राज्यघटनेच्या विरुद्ध आहे.

तिसरं वाचून माझे हातपाय गार पडले. प्राधिकरणच घटनेत बसत नसेल तर माझ्या ऑर्डरला काय किंमत? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

गोदाकाठ
मुग्धाताई, आधी शांत व्हा. आमच्या नाशिकच्या बिल्डरनेही अगदी हेच लिहिलं होतं. त्या मजकुरात मला चक्क दुसऱ्याच कुठल्यातरी प्रकल्पाचं नाव तसंच राहिलेलं सापडलं होतं. म्हणजे एकाच्या मेमोतून दुसऱ्याच्यात उतरवतात. आम्हाला पैसे मिळाले. वेळ लागला, पण मिळाले.

चिंचवडकर_आजोबा
सासऱ्यांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. लढा पोरी.

काळा_कोट
मी पुण्यात वकिली करतो, त्यातही रेराची कामं जास्त. तुमचे कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण लिहितोय. तुमच्या वकिलांचा सल्ला शेवटचा.

पहिला मुद्दा जुना आहे आणि तो आपल्याच उच्च न्यायालयात निकाली निघालाय. रेरा २०१६ चा. त्यातली काही कलमं १ मे २०१६ ला लागू झाली, उरलेली १ मे २०१७ ला. ज्या प्रकल्पांना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नव्हता, त्यांना तीन महिन्यांत म्हणजे ३१ जुलै २०१७ पर्यंत नोंदणी सक्तीची झाली. त्याबरोबर देशभर बिल्डर कोर्टात धावले. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत याचिका पडल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने बाकीच्यांना थांबायला सांगून मुंबई उच्च न्यायालयाला आधी निकाल द्यायला सांगितलं. न्या. नरेश पाटील आणि न्या. राजेश केतकर यांच्या खंडपीठाने ६ डिसेंबर २०१७ ला निकाल दिला. नीलकमल रिअल्टर्सचा निकाल म्हणून तो ओळखला जातो. तीनशे तीस पानं आहेत.

बिल्डरांचं म्हणणं होतं की जुन्या करारांवर नवा कायदा लादणं म्हणजे समानतेचा, धंदा करण्याचा आणि मालमत्तेचा हक्क हिरावणं. शिवाय आधी गुन्हा नसलेल्या गोष्टीला मागाहून शिक्षा देणं. कोर्टाने ते मानलं नाही. कायदा चालू प्रकल्पांना लागू होतो, आणि प्रकल्प आजही चालू आहे म्हणून लागू होतो, असं कोर्टाने सांगितलं. उशिराचं व्याज ही शिक्षा नसून भरपाई आहे, हेही सांगितलं. तुमच्यासाठी महत्त्वाचं वाक्य वेगळंच आहे. नोंदणी करताना बिल्डर पूर्णत्वाची नवी तारीख देऊ शकतो, पण त्याने करार नव्याने लिहिला जात नाही. व्याज करारातल्या तारखेपासूनच. म्हणजे तुमचा डिसेंबर २०१७ तसाच उभा आहे.

पक्षकार आलेत, दुसऱ्या मुद्द्याचं रात्री लिहितो.

सई_पणजी
काळा_कोट, हा निकाल आमका गोंयांत पण लागू मूं? सॉरी, मराठीत लिहिते. माझ्या भावाचा फ्लॅट बार्देशात अडकलाय आणि त्याची तक्रार गोवा रेराकडे आहे.

काळा_कोट
लागू आहे. गोव्याचं खंडपीठ मुंबई उच्च न्यायालयाचंच.

बांधकामवाला
इथे बिल्डर म्हटलं की सगळे तुटून पडतात, म्हणून आतापर्यंत गप्प होतो. मी सांगलीचा. वडिलांपासूनचा व्यवसाय, वर्षाला एखादी इमारत. मुग्धाताईंच्या बिल्डरची बाजू मी घेणार नाही. सहा स्लॅबवर माणसांना टांगून ठेवणं हे पाप आहे.

पण २०१७ मध्ये आमच्यासारख्यांचं काय झालं तेही ऐका. माझी एक इमारत अर्धवट होती. शेजारच्या मालकाने रस्त्यावरून दावा लावलेला, कोर्टाची मनाई. त्यात एक दिवस समजलं की तीन महिन्यांत नोंदणी करा आणि येणाऱ्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवा. कायद्यात उशिराची सबब फक्त युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप अशी. कोर्टाची मनाई त्यात नाही. अशा वेळी कोर्टात जाणं ही लबाडी नव्हती. तीनशे तीस पानी निकालातच आम्हाला थोडा श्वास मिळाला. बिल्डरचा दोष नसेल तर प्राधिकरणाने प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती बघून मुदतीचा विचार करावा, असं कोर्टाने म्हटलं. दाद मागितली नसती तर हे मिळालं असतं का?

७० टक्क्यांचा नियम मात्र उत्तम आहे, हे धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. एका साईटचे पैसे दुसऱ्या साईटच्या जमिनीत घालायची जी खोड होती, तिनेच अर्ध्या इमारती बुडवल्या.

गोदाकाठ
बांधकामवाला दादा, हे कुणीतरी या बाजूने सांगायलाच हवं होतं. धन्यवाद.

शंकासुर
मी ग्राहकांच्या बाजूचा आहे, पण बिल्डरचा तिसरा मुद्दा तुम्ही सगळे झटकून टाकताय ते मला पटत नाही.

नियामक संस्था म्हणजे काय ते बघा. तीच विनियम करते, चौकशी करते, सुनावणी घेते आणि दंडही ठोठावते. आपल्या घटनेच्या ५० व्या कलमात न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवण्याबद्दल स्पष्ट लिहिलंय. आज हे हत्यार बिल्डरवर चालतंय म्हणून आपण खूश आहोत. माझ्या भावाचं लोणच्या-मसाल्याचं छोटं युनिट आहे. एका खात्याच्या माणसाने नमुना नेला, त्याच खात्यातल्या वरच्या खुर्चीने सुनावणी घेतली आणि दंड लावला. भाऊ म्हणाला, "ज्याच्या हातात काठी, त्यालाच मी विचारायचं की मला का मारलंस?" तो निर्दोष होता असा माझा दावा नाही. आपलं म्हणणं तिऱ्हाइताने ऐकलं, असं त्याला एकदाही वाटलं नाही. मला ते फार गंभीर वाटतं.

काळा_कोट
शंकासुर, मुद्दा गंभीरच आहे, आणि कोर्टांनीही तो कधी हसण्यावारी नेलेला नाही. सवड आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ३२३-अ आणि ३२३-ब ही कलमं घातली. न्यायाधिकरणं काढता यावीत आणि उच्च न्यायालयांना त्यातून बाजूला ठेवता यावं, अशी ती तरतूद. १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठणकावून सांगितलं की उच्च न्यायालयाचा घटनेच्या २२६ आणि २२७ कलमांखालचा, म्हणजे रिट काढण्याचा आणि देखरेखीचा, अधिकार घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे, तो काढता येणार नाही. न्यायाधिकरणं राहतील, पण उच्च न्यायालयाच्या नजरेखाली.

पुढे भांडण तिथे बसणार कोण यावर आलं. २०१० मध्ये कंपनी कायद्याच्या न्यायाधिकरणाबाबत कोर्टाने सांगितलं की न्यायालयाचं काम हलवायचं असेल तर माणसंही त्या तोडीची आणि सरकारपासून मोकळी हवीत. २०१४ मध्ये राष्ट्रीय कर न्यायाधिकरणाचा कायदाच रद्द झाला. मग २०१९, २०२० आणि जुलै २०२१. दर वेळी तेच. सरकारने नेमणुकीचे नियम करायचे, कोर्टाने ते खोडायचे. जुलै २०२१ मध्ये किमान वय ५० आणि मुदत चार वर्षं या अटी रद्द झाल्या. पुढच्याच महिन्यात संसदेने त्याच अटी घालून नवा कायदा केला. १९ नोव्हेंबर २०२५ ला सरन्यायाधीश गवई आणि न्या. विनोद चंद्रन यांनी त्याही रद्द केल्या आणि सरकारला चार महिन्यांत राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग स्थापन करायला सांगितलं. या लढाईत सतत पुढे कोण होतं? मद्रासची वकील संघटना. कुठलाही बिल्डर नव्हे. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता रेराकडे येतो. नीलकमलच्या निकालात कायदा टिकला, पण एक तुकडा कोर्टाने कापला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. रेरा प्राधिकरणाच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या अपिलीय न्यायाधिकरणावर न्यायिक सदस्य म्हणून सरकारच्या विधी सेवेतला अतिरिक्त सचिव दर्जाचा अधिकारी बसू शकेल अशी तरतूद कलम ४६ मध्ये होती. तेवढे शब्द गेले. न्यायिक सदस्य म्हटल्यावर तो न्यायव्यवस्थेतून आलेला हवा.

तेव्हा शंकासुर, तुमच्या भावाची तक्रार योग्य जागी पोचलेली आहे. संस्था मोडत नाही, तिच्या खुर्च्या बदलतात.

विजेचाशॉक
विजेच्या क्षेत्रातही हेच झालंय. राज्य वीज नियामक आयोग दर ठरवतो आणि वीज कंपन्यांमधले वादही सोडवतो. अध्यक्ष न्यायाधीशच हवा, असा आग्रह धरणारं प्रकरण गुजरातमधून सर्वोच्च न्यायालयात गेलं. १२ एप्रिल २०१८ चा निकाल आहे. अध्यक्ष न्यायाधीश असलाच पाहिजे असं नाही, पण आयोगावर कायद्याचा माणूस किमान एक तरी असलाच पाहिजे, असं कोर्टाने सांगितलं. त्याआधीचे आदेश मात्र रद्द केले नाहीत. निकाल पुढच्यासाठी लागू केला. मुग्धाताईंना यातून दिलासा मिळावा. कोर्ट रचना दुरुस्त करतं तेव्हा जुन्या ऑर्डरींची राखरांगोळी होतेच असं नाही.

ठाणेकर_मुग्धा
सगळ्यांचे आभार. रात्री सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या एकट्या सदस्याचं काय?" काळा_कोट साहेब, दुसरा मुद्दा राहिलाय!

काळा_कोट
सासूबाईंना नमस्कार सांगा, त्या वकील व्हायला हव्या होत्या.

उत्तर प्रदेशातून न्यूटेक प्रमोटर्सचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. ११ नोव्हेंबर २०२१ ला निकाल लागला. बिल्डरचं म्हणणं तंतोतंत हेच. प्राधिकरण म्हणजे अध्यक्ष आणि किमान दोन सदस्य, मग एकट्याने आदेश कसा दिला? कोर्टाने सांगितलं की कलम ८१ खाली प्राधिकरण आपले अधिकार एका सदस्याला देऊ शकतं, त्यामुळे आदेश वैध. त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. ताबा वेळेत मिळाला नाही तर पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे. बिल्डरने कोर्टाची स्थगिती होती म्हटलं, तरीही. बांधकामवाला दादांना हे कडू लागेल, पण कायदा असा आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर मात्र एक साधी गोष्ट इथे कुणीच बोललं नाही. मीही वाहवत गेलो. बिल्डरने हा मुद्दा मांडलाय कुठे? अपिलीय न्यायाधिकरणापुढे. ते न्यायाधिकरण जन्मलं रेरातून. ज्या कायद्यातून न्यायाधिकरण जन्मलं तो कायदाच घटनाबाह्य आहे, असं ते म्हणू शकत नाही. चंद्रकुमार निकालात हे स्वच्छ लिहिलंय. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट करावी लागते, आणि तिथे तर २०१७ लाच उत्तर मिळालेलं आहे. तुमच्या मेमोतला तो परिच्छेद चुकीच्या दारावर टकटक करतोय.

गोदाकाठ
हे भारी आहे! आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर दोन रात्री तरी झोप लागली असती.

एडिसनकर
न्यू जर्सीहून वाचतोय. मूळचा मी मिरजेचा. अमेरिकेत सध्या हाच वाद अगदी ऐन रंगात आहे.

२००८ च्या मंदीनंतर, २०१० मध्ये इथे ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी एक ब्यूरो काढला, सीएफपीबी. एका बँकेने माझ्याकडून चुकीचे दंड कापले होते. सहा महिने फोन करून हात टेकले होते. ब्यूरोकडे ऑनलाइन तक्रार टाकल्यावर तीन आठवड्यांत पैसे परत आले. त्यामुळे या संस्थेवर माझा जीव आहे.

तिच्या संचालकाला राष्ट्राध्यक्ष सबळ कारणाशिवाय काढू शकत नव्हते. कॅलिफोर्नियातल्या सीला लॉ या फर्मने त्यालाच आव्हान दिलं. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की हे संरक्षण घटनाबाह्य. पण ब्यूरो तसाच चालू राहिला, फक्त ते संरक्षण गेलं. मग दुसऱ्यांनी त्याच्या निधीवर बोट ठेवलं, कारण पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून न येता फेडरल रिझर्व्हकडून येतो. मे २०२४ मध्ये ७ विरुद्ध २ ने कोर्टाने ते वैध ठरवलं. पुढच्याच महिन्यात शेअर बाजाराच्या नियामकाचं प्रकरण आलं, जार्केसीचं. फसवणुकीसाठी दंड मागायचा तर आरोपीला ज्यूरीपुढे जायचा हक्क आहे, नियामकाने स्वतःच्याच घरात सुनावणी उरकायची नाही. शंकासुर, तुमच्या भावाला हा निकाल आवडेल.

शंकासुर
आवडेलच. आणि मला हेच म्हणायचं होतं, की आव्हान देणारा प्रत्येक जण संस्थेचा शत्रू नसतो.

एडिसनकर
इथे काही जण खरोखर शत्रू आहेत, हेही सांगतो. काहींना रचना सुधारायची आहे आणि काहींना नियमनच नको आहे. न्यायालयात दोघांचीही भाषा सारखीच असते. ऐकणाऱ्याने नीट कान द्यावा लागतो.

सई_पणजी
पश्चिम बंगालचं उदाहरण बघा. तिथे राज्याने केंद्राचा रेरा न घेता स्वतःचा वेगळा कायदा केला होता, हिरा नावाचा. त्यालाही आव्हान दिलं गेलं, पण ते दिलं घर घेणाऱ्यांच्या संघटनेने! ४ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. केंद्राचा कायदा असताना त्याच विषयावर समांतर यंत्रणा चालणार नाही म्हणून. भावाच्या केसमुळे मी सध्या हेच वाचत बसलेय.

काळा_कोट
उत्तम भर घातलीत. महाराष्ट्रातही आपला स्वतंत्र गृहनिर्माण नियमन कायदा झाला होता, २०१२ चा. रेराच्या शेवटच्या कलमानेच, ९२ व्या, तो रद्द झाला. १९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा जुना कायदा, मात्र राहिला.

निवृत्त_महसूल
सगळी चर्चा वाचली. मी चौतीस वर्षं महसूल खात्यात काढली, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. घटनेचं मला तुमच्याइतकं कळत नाही, पण ऑर्डर हातात आल्यावर घोडं कुठे पेंड खातं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

ते वसुलीत. रेराच्या कलम ४० प्रमाणे रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची. म्हणजे प्राधिकरणाचं वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे येतं, तिथून तहसीलला, तिथून तलाठ्याच्या पिशवीत. तलाठी मागणी नोटीस घेऊन जातो. बिल्डरचं ऑफिस बंद, शटरवर दुसऱ्याच दुकानाचा बोर्ड. पंचनाम्यात लिहिलं जातं, "दिलेल्या पत्त्यावर आढळून आले नाहीत." कागद परत येतो. तहसीलला निवडणूक असते, पीक पंचनामे असतात, दाखले असतात. कुणाच्या मनात खोट असते असं नव्हे, पण जो माणूस पाठीमागे लागत नाही त्याचा कागद खाली जातो.

म्हणून मुग्धाताई, एक करा. वॉरंटबरोबर बिल्डरच्या मिळकतींची यादी स्वतः द्या. गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, न विकलेले फ्लॅट, गाळे. सातबारा ऑनलाइन निघतो. यादी असेल तर तहसीलदाराला जप्तीची कारवाई करता येते आणि इतर हक्कात बोजा चढतो. बोजा चढला की बिल्डर स्वतः फोन करतो, कारण त्याला ती जमीन विकता येत नाही. माझ्या कारकिर्दीत दमदाटीने जेवढी वसुली झाली नसेल तेवढी एका फेरफाराने झाली.

चिंचवडकर_आजोबा
साहेब, हे सोन्यासारखं लिहिलंत. प्रिंट काढून ठेवतोय.

बांधकामवाला
बोजाचं शंभर टक्के खरं. बँक दारातही उभी करत नाही मग.

काळा_कोट
महसूल काकांनी मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. निवृत्त अधिकाऱ्यांच्या नेमणुकांवरून सर्वोच्च न्यायालयानेही रेरा प्राधिकरणांना कडक शब्दांत सुनावलेलं आहे. ग्राहकाचा धीर सुटतो तो रिकाम्या खुर्च्यांमुळे आणि रखडलेल्या वसुलीमुळे.

पण मुग्धाताई, वसुलीच्या आधी मला एक सांगा. बिल्डरने अपील करताना पैसे भरलेत का? कलम ४३(५) प्रमाणे बिल्डरचं अपील असेल तर ग्राहकाला द्यायची पूर्ण रक्कम व्याजासकट आधी न्यायाधिकरणात जमा करावी लागते. तोवर अपील ऐकायलाच घेता येत नाही. ग्राहकाला हे बंधन नाही. हा भेदभाव आहे असंही बिल्डर न्यूटेकमध्ये म्हणाले होते आणि कोर्टाने नाही म्हटलं. मेमोच्या शेवटी पावती जोडली आहे का बघा.

ठाणेकर_मुग्धा
बघितलं. पावती नाही. "रक्कम भरण्यापासून सूट मिळावी" असा एक अर्ज आहे, दीड पानाचा. कारण तेच लिहिलंय, प्राधिकरणाची रचना घटनाबाह्य असल्यामुळे!

काळा_कोट
बस. चाळीस पानांचा सगळा खटाटोप या दीड पानासाठी आहे. वकिलांना उद्याच फोन करा, सूट देऊ नये असं लेखी म्हणणं द्यायला सांगा, न्यूटेक जोडून.

शंकासुर
हे वाचून माझाही राग आला. घटनेचा मुद्दा पैसे न भरण्यासाठी वापरणं चूक आहे. माझ्या भावाने आधी दंड भरला, मग भांडला.

ठाणेकर_मुग्धा
महिन्याभराने लिहितेय, उशिराबद्दल माफी. मधे मुलीची परीक्षा होती.

सूट नाकारली. न्यायाधिकरणाने चार आठवड्यांत पूर्ण रक्कम जमा करायला सांगितलं. सुनावणी ऐकायला मी आणि सासूबाई गेलो होतो. मला वाटलं होतं घटनेवर तासभर वाद होईल, पण सगळं मिळून सहा-सात मिनिटं. सदस्यांनी त्यांच्या वकिलांना विचारलं, "रक्कम भरली का?" ते कलम सांगू लागले. सदस्यांनी परत विचारलं, "भरली का?" तिसऱ्यांदा विचारल्यावर ते म्हणाले, "मुदत द्यावी."

काळा_कोट साहेब, आमच्या वकिलांनी तुमचे सगळे मुद्दे आधीच काढून ठेवले होते. तुम्ही योग्य बोललात म्हणून त्यांनी मला चहा पाजला.

गोदाकाठ
वा! पेढे कधी?

ठाणेकर_मुग्धा
पेढे पैसे हातात आल्यावर, नक्की. आता खरी बातमी सांगते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, रक्कम जमा झाल्याची प्रत वकिलांनी पाठवली. म्हणजे पैसे आता बिल्डरच्या खिशातून बाहेर आलेत. अपील पुढे चालणार आहे, करार आधीचा की नंतरचा वगैरे सगळं तिथे होईल. महसूल काकांच्या सांगण्यावरून मिळकतींची यादीही करून ठेवली आहे. सासूबाईंनी चष्मा लावून स्वतः गट नंबर वाचून दाखवले आणि मी टाइप केले. अकरा निघाले.

निवृत्त_महसूल
शाब्बास. त्या अकरांपैकी नुकतेच खरेदीखत झालेले कुठले ते बघा, फेरफार प्रलंबित असेल तर तोही नंबर लिहून ठेवा. सातबारावर अजून जुनंच नाव दिसत असतं.

सई_पणजी
मुग्धाताई, सूट नाकारल्याची ऑर्डर नाव झाकून इथे टाकता येईल? भावाच्या बिल्डरनेही काल अपील केलंय, आणि त्याच्या कागदातही पावती दिसत नाही.

ठाणेकर_मुग्धा
आज रात्री स्कॅन करून टाकते. पुढची तारीख आमची सोमवारी आहे. सासूबाई म्हणतात मी येणारच, डबा घेऊन.